कोनाड्यातल्या फळीचा दगड

भिंतीत एक रिकामा कोनाडा ठेवून बघा. त्यात काय ठेवावं हे सांगायला सारं गाव धावत येतं.

आमच्या न्हाणीघरातला कोनाडा साठ सेंटिमीटर रुंद, साठ उंच आणि दहा खोल आहे. जुना टब काढून तिथं शॉवर केला, कारण माझ्या बायकोच्या, रोसविटाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि टबाचा कठडा ओलांडणं तिला आता जमणार नव्हतं. पांढऱ्या टाइल्स बसल्या, कोनाडा झाला, आणि फरशीवाला हात पुसत म्हणाला की आता मधली फळी तेवढी राहिली. दगडाची हवी असेल तर पाथरवटाकडून कापून आणा, मी येऊन बसवतो. तीन दिवसांचं काम होतं ते. मला तीन आठवडे लागले आणि त्यात माझी बायको मेली.

तसं नाही, पण सगळं नीट क्रमानं सांगतो.

दुसऱ्याच दिवशी रोसविटा तीन आठवड्यांसाठी डोंगरातल्या आरोग्यधामात निघाली. ऑपरेशननंतरचे हे तीन आठवडे विमा कंपनी देते, आणि आम्ही श्वाबियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतली काटकसरी माणसं, विमा कंपनीनं दिलेलं काही सोडत नाही. टॅक्सी दारात उभी होती. मी विचारलं, फळी कुठल्या दगडाची सांगू? ती कुबड्यांवर रेलून माझ्याकडे बघत राहिली.

"फोल्कमार, एकोणचाळीस वर्षं मी ठरवते आणि तू मोजतोस," ती म्हणाली. "भूल देत होते ना, तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं माहितीय? मी उठलेच नाही तर या माणसाला साधा टॉवेल कोण निवडून देईल. आता हा दगड तू निवड. एकट्यानं. फोनवर मला विचारायचं नाही. मी येईन तेव्हा फळी बसलेली पाहिजे."

"आणि नसली तर?"

"तर टब परत बसव, आणि रोज मला उचलून आत ठेवत जा."

टॅक्सी गेली. मला वाईट वाटलं ते ती खरं बोलली म्हणून. मी छत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढली. तिथं माणसाला मोजायला शिकवतात. बांध कुणाचा हे ठरवणारे वर बसलेले असतात. पडदे, सोफा, मुलीचं नाव, माझे चष्मे, सगळं रोसविटानं ठरवलं आणि मी ते बसेल का हे मोजून सांगितलं. माझी मापं कधी चुकली नाहीत, एवढंच माझं भांडवल. तेव्हा मनाशी म्हटलं, एक दगड निवडता येत नसेल तर काय उपयोग. आणि लगेच टेप घेऊन कोनाडा नऊ ठिकाणी मोजला. समोर एकोणसाठ पूर्णांक सात, मागे एकोणसाठ पूर्णांक चार. फरशीवाल्याबद्दल माझं मत तिथंच थोडं खाली आलं.

आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत. कुणाच्या घरात नाक खुपसणं हे इथं वाईट चालीचं मानतात. न विचारता सगळं माहीत असणं मात्र चांगल्या चालीचं. तळमजल्यावरच्या श्टोलसाहेबांनी लेथ मशीनवर चाळीस वर्षं काढली. ते दुसऱ्या दिवशी पाणसळ घेऊन वर आले आणि कोनाड्याची तपासणी करून म्हणाले की ग्रॅनाइट लावा, बाकी सगळी खेळणी. मी विचारलं, कुठला ग्रॅनाइट? ते म्हणाले, ग्रॅनाइट तो ग्रॅनाइट. निवडण्याच्या कामात या सल्ल्याचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा.

पहिल्या मजल्यावरच्या बॉयर्लेबाई वर आल्या नाहीत. त्यांनी मला जिन्यात गाठलं. बाई विधवा आहेत, वय सत्त्याऐंशी, आणि झाडलोटीच्या आठवड्याच्या त्या आमच्या इमारतीतल्या सर्वोच्च न्यायालय. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघर आणि फुटपाथ झाडायचा. बाई नंतर बोट फिरवून बघतात. त्यांचं म्हणणं, फळीच नको. "कोनाडा म्हणजे मळाचं एक घर, आणि मध्ये फळी टाकली की दोन बिऱ्हाडं," त्या म्हणाल्या. मी फळी गरजेची का आहे हे समजावत होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्या पायांखालची पायरी बघितली आणि मला खाली उतरून पाय पुसून यायला लावलं.

पाथरवटाचं नाव राप. त्याचं आवार दफनभूमीच्या फाटकाला लागून आहे, कारण त्याचं बहुतेक काम थडग्यांचं. पहिल्या दिवशी मी तिथं शिरलो आणि, खोटं कशाला सांगू, फळी विसरलोच. एवढे दगड मी एका जागी कधी पाहिले नव्हते. छत्तीस वर्षं मी जमिनी मोजल्या, पण त्या कशाच्या केलेल्या असतात हे कधी वाकून बघितलं नव्हतं. रापनं मला चुनखडीची एक लादी दाखवली, तिच्यात नाण्याएवढं शंखाचं वेटोळं होतं. मी विचारलं, हा किती जुना? राप म्हणाला, तुमच्या घराण्यापेक्षा जुना आहे, आणि पाच नमुने माझ्या पिशवीत घालून सही घेतली. राप फार बोलत नाही. गिऱ्हाईक बहुधा रडत असतं, त्यामुळे त्याला तशी सवय लागली असावी.

घरी मी प्रयोग मांडले. आमच्याकडच्या पाण्यात चुना इतका, की न्हाणीघर दर आठवड्याला व्हिनेगरनं पुसावं लागतं. तेव्हा प्रत्येक नमुन्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून घड्याळ लावलं. संगमरवराची चकाकी सात मिनिटांत गेली. शंखवाली चुनखडी तर फसफसली आणि मला अपराधी वाटलं. कोट्यवधी वर्षं टिकलेला जीव, आणि मी सॅलडचं व्हिनेगर टाकून त्याचा निकाल लावायला निघालो होतो. वालुकाश्म पाणी प्यायला आणि संध्याकाळपर्यंत ओलाच राहिला. पाटीच्या दगडाचे पापुद्रे निघाले. सगळं वहीत लिहिलं. पाच परत दिले, पाच नवे आणले. असं सात वेळा झालं.

आता या सात फेऱ्यांमध्ये एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. बॉयर्लेबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायला जातात. म्हणजे हातात झारी घेऊन त्यांनी मला रापच्या आवारात निदान तीन वेळा पाहिलं असणार. मी दगडांवरून हात फिरवत होतो, मध्येच डोळे मिटून उभा राहत होतो. दगड बोटांना कसा लागतो ते डोळे मिटल्याशिवाय कळत नाही. त्यांनी काही विचारलं नाही. मान तेवढी हलवली.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी तो दगड मिळाला. आवाराच्या मागच्या बाजूला, पत्र्याला टेकून, एका मोठ्या थडग्यातून उरलेला तुकडा होता. नॉर्वेहून आलेला, गडद करडा, दिसायला अगदी साधा. मी निघालोच होतो, आणि मान वळवताना तो निळा चमकला. मी थांबलो तर परत करडा. डोकं हलवलं, परत निळा. दहा मिनिटं मी त्या दगडासमोर मान डोलावत होतो. व्हिनेगरचा थेंब टाकला. दगडाला त्याचं काही नाही. वही काढली आणि तिच्यात काय लिहावं हे सुचेना, कारण हाच हवा हे मला आधीच कळलं होतं. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं. 

"हा," मी रापला म्हणालो.

"कोणासाठी?" रापनं विचारलं.

"बायकोसाठी."

त्यानं फॉर्म पुढे केला. त्याच्या दुकानात एकच फॉर्म आहे. शॉवरच्या फळीसाठी वेगळा छापणं त्याला परवडत नाही, आणि ते मला पटलं. पहिला रकाना होता, ज्यांच्यासाठी दगड त्यांचं नाव. किन्झले, रोसविटा. पुढं जन्मतारीख. लिहिली. त्यापुढं मृत्यूची तारीख. इथं दुसऱ्या कोणी रेघ मारली असती. पण मी सरकारी नोकर. रकाना कोरा सोडणं म्हणजे काय, हे ज्यांनी खात्यात वर्षं काढली त्यांनाच कळेल. कोरा रकाना पाहिला की मला रात्री झोप लागत नाही. मी विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, अजून नाही. मापं लिहिली, एकोणसाठ पूर्णांक एक गुणिले दहा, जाडी दोन, पृष्ठभाग पॉलिश, पुढच्या बाजूला दोन मिलिमीटर उतार, म्हणजे पाणी साचणार नाही. खाली सही. फॉर्मच्या मागे पिवळी प्रत होती, ती रापची बायको दर शुक्रवारी गठ्ठ्यानं नगरपालिकेच्या दफनभूमी खात्यात पाठवते, हे मला कोण सांगणार?

फळी किती उंचीवर बसवायची हा प्रश्न राहिला होता. रोसविटाला आता वाकता येणार नाही. सोमवारी मी तिची जुनी कुबडी घेतली, कपड्यांनिशी कोरड्या शॉवरखाली उभा राहिलो, तिच्याएवढी उंची होईल इतके गुडघे वाकवले, डोळे मिटले आणि तिची शाम्पूची बाटली हवेत धरून बघू लागलो. कोपर इथं येईल का? की जरा वर? "इथं बरं वाटतंय का तुला?" असं मी मोठ्यानं विचारलंही असेल. डोळे उघडले तर दारात श्टोलसाहेब, त्यांची पाणसळ न्यायला आले होते. फ्लॅटचं दार उघडंच होतं. त्यांनी टोपी काढली, मागच्या पावली गेले, आणि पाणसळ तशीच राहिली.

मंगळवारी दफनभूमी खात्याचं पत्र आलं. पोस्टमननं ते चुकून बॉयर्लेबाईंच्या पेटीत टाकलं होतं. बाईंनी ते वर आणून दिलं, पाकिटावरचा शिक्का अंगठ्यानं झाकून, आणि माझ्या दंडाला हात लावला. एकोणतीस वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता. मला वाटलं, बाईंचा तोल गेला.

पत्रात लिहिलं होतं की श्रीमती किन्झले यांच्या दगडाचा अर्ज नामंजूर होत आहे. पॉलिश केलेला पृष्ठभाग नियमात बसत नाही. दोन सेंटिमीटर जाडी उभ्या दगडासाठी धोकादायक आहे, किमान बारा हवी. उंची दहा सेंटिमीटर हा बहुधा लेखनदोष असावा. मृत्यूचा दाखला जोडलेला नाही, आणि 'अजून नाही' याचा खुलासा करावा.

बुधवारी सकाळी खुलासा करायला गेलो. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या की अर्ज मागे घ्यायला कारण लागतं, आणि कारणं तीन आहेत. दफन दुसऱ्या गावी, दाहसंस्कार, किंवा वारसांत वाद. मी म्हणालो, बायको जिवंत आहे. त्यांनी यादी पुन्हा वाचली आणि खेदानं मान हलवली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. शेवटी दोघांनी मिळून मार्ग काढला. अर्ज रद्द होत नसला तरी स्थगित होतो. त्यांनी शिक्का मारला, 'तारीख कळेपर्यंत स्थगित', आणि आम्ही समाधानानं एकमेकांचा निरोप घेतला.

तिथूनच रापकडे जाऊन फळी उचलली. टवका उडू नये म्हणून रोसविटाच्या निळ्या बाथरोबमध्ये गुंडाळली आणि दोन्ही हातांवर धरून बसनं घरी आणली. रापच्या आवारातली धूळ डोळ्यांत गेल्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं. बॉयर्लेबाईंनी इमारतीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. जिन्यात श्टोलसाहेब भिंतीला लागून उभे राहिले. मला वाटलं, दगडाचा मान ठेवतायत.

वर आलो तर आमच्या दारावरची झाडलोटीची पाटी गायब. पाळी आमची होती. खाली वाकून बघितलं तर पाटी बॉयर्लेबाईंच्या दारावर, आणि सत्त्याऐंशी वर्षांची बाई आमच्या वाट्याचा जिना झाडत होती. आता तुम्ही इथले नसाल तर यातलं गांभीर्य तुम्हाला कळणार नाही. आमच्या इमारतीत एकमेकांना मीठ देतात, गाडी देतात, एकदा श्टोलसाहेबांनी रक्तही दिलंय. पण दुसऱ्याची झाडलोट कोणी करत नाही. ती फक्त एकाच प्रसंगी करतात.

दाराशी झाकलेला सफरचंदाचा केक होता आणि पाकीट. पाकिटाला काळी किनार, इथं शोकपत्राला असते तशी. मी उभ्याउभ्याच ते वाचलं आणि फळीसकट जिन्यात बसलो.

त्याच क्षणी दारोदार जाऊन सांगायला हवं होतं, कबूल. मी एक मजला उतरलोही. बॉयर्लेबाईंनी दार उघडलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, काही बोलू नका, किन्झलेसाहेब. मी तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवली. आणि सांगायचं तरी काय होतं? तिची मृत्यूची तारीख मीच स्वतःच्या हातानं 'अजून नाही' अशी लिहून सरकारात पाठवली हे? मी ठरवलं की काही ठरवायचं नाही. शुक्रवारी रोसविटा स्वतः येणार होती. त्याहून पक्का पुरावा नगरपालिकाही मागणार नाही. नंतर कळलं की पेपरात निधनाची जाहिरात का नाही, यावरही खाली चर्चा झाली होती. जाहिरातीला ओळीवर पैसे पडतात, आणि किन्झले काटकसरी माणूस आहे, असा निष्कर्ष निघाला. हे मला लागलं.

गुरुवारी फरशीवाल्यानं फळी बसवली. तोपर्यंत इमारतीतून आणि शेजारपाजारातून सात पाकिटं आली होती. फोडणं बरं नव्हे हे कळत होतं, पण मला राहवलं नाही. माणसं मेलेल्याबद्दल काय लिहितात हे जिवंतपणी वाचायला कोणाला मिळतं? आमच्याकडे शिव्या घातल्या नाहीत की कौतुक झालं असं मानतात. या इमारतीत रोसविटाशी कोणी कचऱ्याच्या डब्यापलीकडे बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि श्टोलसाहेबांनी लिहिलं होतं, की त्यांची कंबर गेली त्या तीन हिवाळ्यांत त्यांच्या वाट्याच्या फुटपाथवरचं बर्फ पहाटे कोण काढत होतं ते त्यांना माहीत होतं. आभार मानले असते तर तिला संकोच झाला असता, म्हणून मानले नाहीत. आता वाटतं, मानायला हवे होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहाटे माझ्या शेजारची जागा रिकामी असायची आणि मी समजायचो, ती न्हाणीघरात आहे.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला टॅक्सी थांबली. मी खाली धावलो, पण रोसविटा माझ्या आधी आत शिरली होती. बॉयर्लेबाई जिना झाडत होत्या. त्यांनी वर बघितलं. दोघी समोरासमोर उभ्या, एकीच्या हातात झाडू, दुसरीच्या कुबड्या. मग बॉयर्लेबाईंनी डोळे पुसले, स्वतःच्या दारावरची पाटी काढली आणि रोसविटाच्या गळ्यात अडकवली.

"हा आठवडा तुमचा होता, किन्झलेबाई," त्या म्हणाल्या. "मी तीन दिवस झाडलंय. ते तुम्ही फेडायचे. आणि केकचं ताट धुऊन द्या."

वर येईपर्यंत मी सगळं सांगितलं. रोसविटा हसली नाही, रागावलीही नाही. आधी न्हाणीघरात गेली. फळीवरून बोट फिरवलं. दात घासायचा पेला भरून तिच्यावर पाणी ओतलं आणि ते पुढून ओघळून जाताना बघितलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पुन्हा डावीकडे. मग शाम्पूची बाटली हातात घेऊन, न वाकता, न बघता, फळीवर ठेवली. कोपर बरोबर जिथं यायचं तिथंच आलं.

"उंची कोणी सांगितली?"

"कोणी नाही."

ती कुबड्या टेकत बाहेर गेली. स्वयंपाकघरात बसून सातही कार्डं वाचली, श्टोलसाहेबांचं दोनदा. माझ्यासमोर ती क्वचितच रडते; त्या दिवशी रडली. मी कॉफी केली आणि साखरेचं भांडं कुठलं घ्यावं हे तिला विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. थट्टा करायच्या आधी ती अशीच बघते, पण ही थट्टा नव्हती.

"आणि खरंच गेले असते तर?" ती म्हणाली. "माझ्यासाठी कुठला दगड निवडला असतास?"

मी विचार केला. रापचं सगळं आवार डोळ्यांपुढं आणलं, ओळीनं, एकेक दगड.

"कुठलाच नसता निवडला," मी म्हणालो. "राप म्हातारा होऊन गेला असता तरी मी नमुनेच घरी आणत राहिलो असतो. दगड ठरला म्हणजे तू गेलीस हेही ठरलं. ते मी ठरवणार नाही, रोसविटा. ते माझ्याच्यानं होणार नाही."

तिनं कार्डं एकावर एक रचली आणि कुबड्या घेऊन उठली.

"म्हणजे मला मरायचीही सोय नाही," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.